दोन गांठी

आजारपणाविषयीं चारचौघांत बोलणें आमच्या घराण्याच्या रीतींत बसत नाहीं. वडिलांच्या काळीं घरांत कोणास हिवताप आला तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळे. क्षय झाला तर कळत नसे. आणि कर्करोग झाला तर घरांतल्या घरांतहि त्याचें नांव निघत नसे. 'तें दुखणें' एवढें म्हणून बोलणारा थांबे आणि ऐकणारा मान खालीं घाली. ही संवय आमच्याहि अंगांत मुरलेली असल्यामुळें पुढील हकीकत लिहावी कीं न लिहावी, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. अखेर लिहावयास बसलों, तें अशासाठीं कीं, या हकीकतींत जो अपराध घडला तो बराचसा या मौनाचाच आहे, आणि त्या मौनांत आमचाहि वांटा आहे.

गोष्ट २०१६ सालची. श्रावण महिन्यांत एके सकाळीं स्नान करीत असतां पुण्यास आमच्या थोरल्या वहिनींच्या हातास स्तनांतील एक बारीक गांठ लागली. ती सुपारीएवढीहि नव्हती, आणि मुळींच दुखत नव्हती. वहिनी स्वभावानें धीट नव्हेत. त्यांनीं ती गोष्ट त्याच दुपारीं आमच्या बंधूंच्या कानांवर घातली. बंधूंचे एक शाळासोबती शस्त्रवैद्य आहेत. त्यांस सायंकाळीं फोन झाला. दुसऱ्या दिवशीं तपासणी झाली, चौथ्या दिवशीं मॅमोग्राफी झाली, सहाव्या दिवशीं सुईनें गांठीचा कण काढून परीक्षेस गेला, अकराव्या दिवशीं निदान हातीं आलें आणि विसाव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. पुढें औषधें झालीं, किरणोपचार झाले, डोक्यावरचे केस गेले आणि पुन्हां आले. त्या काळांत घरानें जें सोसलें तें थोडें नव्हतें. परंतु आज वहिनी सत्तरी ओलांडून हिंडत्याफिरत्या आहेत, आणि चहांत आलें कमी पडलें तर आम्हांस अजूनहि बोल लावतात.

त्या वेळीं घरांत असें ठरलें कीं, ही वार्ता गांवीं कळूं द्यावयाची नाहीं. भाचीचें लग्न जमावयाचें होतें, आणि 'आनुवंशिक' हा शब्द लोक आपापल्या सोयीनें वापरतात, हें सर्वांस ठाऊक होतें. आम्हींहि मान डोलावली.

त्याच दिवाळीस आम्ही उभयतां गांवीं गेलों. आमचें मूळ गांव बीड जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगरांत आहे. तेथील जुन्या घराचा सगळा भार तीस वर्षें एका बाईंनीं वाहिला. आमच्या मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यांत रात्रीच्या रात्री जागल्या त्या त्याच. लहानथोर सर्व त्यांस मावशी म्हणत. दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरांत करंज्या चालल्या होत्या, आणि आम्ही मधल्या दाराशीं बसून आकाशकंदिलास कागद चिकटवीत होतों. मावशी आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, "वैनी, हितं काखंजवळ गाठ आल्यावानी झालंय."

"दुखते का हो?"

"दुखत न्हाई. म्हनून तर काई केलं न्हाई."

सौभाग्यवतींनीं मान वर करून आमच्याकडे पाहिलें. आम्हींहि त्यांच्याकडे पाहिलें. 'दुखत नाहीं' हे शब्द तीनच महिन्यांपूर्वीं आम्हीं पुण्यास ऐकले होते, आणि न दुखणाऱ्या गांठीकडे दुर्लक्ष करणें किती धोक्याचें, हें आम्हां उभयतांस पुरें ठाऊक झालें होतें. परंतु तें सांगावयाचें म्हणजे कसें ठाऊक झालें तेंहि सांगावें लागलें असतें. "एकदां डॉक्टरांस दाखवून घ्या, मावशी," एवढें त्या म्हणाल्या. आपण एखाद्यास चष्म्याचा नंबर पाहून घ्या असें ज्या सुरांत सांगतों, त्या सुरांत. मावशी "बघू" म्हणाल्या. करंज्या पुढें चालू झाल्या. भाऊबीज झाली आणि आम्ही पुण्यास परतलों.

पुढची हकीकत आम्हांस तुकड्यातुकड्यांनीं कळली. मावशींचे चिरंजीव आणि सून ऊसतोडीस जातात. पावसाळ्यांतच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दिवाळी सरली कीं नवराबायकोचा तो एक कोयता पश्चिमेकडच्या एखाद्या कारखान्यावर जातो, आणि हंगाम संपल्यावर चैत्राच्या सुमारास परत येतो. तोंवर घरीं मावशी, दोन नातवंडें आणि चार शेळ्या. गांवच्या दवाखान्यांतून त्यांनीं गोळ्या आणल्या. शेजारणीनें सांगितलेला लेप लावला. गांठ लिंबाएवढी झाली, वरची कातडी आंत ओढली गेली, तरी दुखत नव्हतें. फाल्गुनांत जखम झाली, तेव्हां दुखूं लागलें. चैत्रांत मुलगा परतला. तालुक्याच्या गांवीं सांगितलें कीं जिल्ह्यास जा. जिल्ह्यास सांगितलें कीं सोनोग्राफी बाहेरून करून आणा. बाहेरच्यानें सांगितलें कीं तुकडा काढून तपासल्यावांचून कांहीं सांगतां येणार नाहीं, आणि ती सोय येथें नाहीं. अखेर एका शहरांत ज्या रुग्णालयांत त्यांचें नांव नोंदलें गेलें, तेथें शिधापत्रिकेवरचें नांव आणि आधारपत्रावरचें नांव यांत एका अक्षराचा फरक निघाला. तो दुरुस्त करून आणण्यांत पांच आठवडे गेले. पहिलें औषध त्यांच्या शरीरांत गेलें, तेव्हां पुन्हां श्रावण आला होता.

वहिनींस वीस दिवस लागले. मावशींस नऊ महिने. रोग एक, वयांत फार तर दोनतीन वर्षांचें अंतर, राज्य एक, कायदा एक. मावशी २०१८ च्या ज्येष्ठांत वारल्या. वेळेवर निदान झालें असतें तर त्या निश्चितपणें वांचल्या असत्या, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तसें कोणाहि वैद्यास म्हणतां येणार नाहीं. परंतु वहिनींस जी संधि मिळाली ती त्यांस मिळाली नाहीं, एवढें निर्विवाद आहे.

आतां येथें सरकारास चार शब्द सुनावून मोकळें होणें सोपें आहे. परंतु न्यायानें पाहतां तें पुरें खरें होणार नाहीं. मावशींच्या दिवसकार्यानंतर त्यांचे चिरंजीव आमच्याजवळ ओसरीवर बसले होते. बोलतां बोलतां त्यांनीं सगळा हिशेब सांगितला. शस्त्रक्रियेस आणि शिरेंतून देण्याच्या औषधांस त्यांचा एक रुपयाहि लागला नव्हता. तो सर्व खर्च राज्याच्या योजनेनें सोसला. २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना या नांवानें ती सुरू झाली. पुढच्याच वर्षीं ती सर्व महाराष्ट्रास लागू झाली, आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालू आहे. ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या वडिलांच्या पिढीस असें कांहीं होईल, हें स्वप्नांतहि खरें वाटलें नसतें.

मग तें घर बुडालें कशानें? चिरंजीवांनीं बोटें मोजलीं. बाहेरची सोनोग्राफी, तुकड्याची परीक्षा, एस. टी. चीं आणि जीपगाड्यांचीं भाडीं, शहरांतील खोलीचें भाडें, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी. शेळ्या गेल्या, सुनेचें डोरलें गेलें, आणि पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून आदल्या हंगामांतच घ्यावी लागली. हें सर्व रुग्णालयाच्या दारांत पाऊल पडण्यापूर्वींचें किंवा दाराबाहेरचें. योजनेचा हात दाराच्या आंत पोहोंचत होता. मावशींचें घर बाहेर बुडत होतें. २०१८ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें आयुष्मान भारत योजना सुरू केली. तींत एका कुटुंबास वर्षाकांठीं ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि महाराष्ट्र सरकारनेंहि २०२३ सालीं आपल्या योजनेची मर्यादा तेवढीच करण्याचा निर्णय घेतला. परंतु केंद्राच्या योजनेंत दाखल होण्यापूर्वींचा जो खर्च धरला जातो तो तीन दिवसांचा. मावशींचा 'दाखल होण्यापूर्वींचा' काळ नऊ महिन्यांचा होता.

राष्ट्रानें कर्करोगाविषयीं कोणतें धोरण ठेवावें, हा प्रश्न विद्वानांच्या सभांतून बोलला जातो, तेव्हां तो बहुधा किती रुग्णालयें, किती यंत्रें, किती तज्ज्ञ, अशा रूपानें पुढें येतो. तो प्रश्न लहान नाहीं. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांत सुमारें १४ लाख लोकांस हा रोग नव्यानें झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्यानें मेले. एवढ्या दुःखास रुग्णालयें लागणारच. आपल्याकडे त्यांतील पहिलें मोठें रुग्णालय उभें राहिलें, त्याच्या मुळाशींहि एका स्त्रीचेंच मरण होतें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत वारल्या. सर दोराबजी पुढच्याच वर्षीं गेले. त्यांच्या विश्वस्त निधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. ज्यांस विलायत परवडत होती त्यांच्या द्रव्यांतून ज्यांस ती परवडत नव्हती त्यांची सोय झाली. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याकडे आलें आणि १९६२ सालीं अणुशक्तिखात्याकडे गेलें. १९७५ सालीं राष्ट्रीय कर्करोग-नियंत्रण कार्यक्रम निघाला. २०१२ सालीं देशांतील कर्करोग-रुग्णालयांचें एक जाळें विणण्यांत आलें. त्याचा हेतु असा कीं, परळास ज्या पद्धतीनें उपचार होतात त्याच पद्धतीनें ते इतरत्रहि व्हावे, आणि आसामांतल्या किंवा बिहारांतल्या मनुष्यास केवळ त्यासाठीं मुंबई गांठावी लागूं नये.

या प्रत्येक पायरीनें अंतर कमी झालें, यांत शंका नाहीं. पण कोणतें अंतर? एका रुग्णालयाचें दुसऱ्यापासूनचें. आमच्या स्वयंपाकघरांतलें अंतर, म्हणजे गांठ ज्या बाईच्या अंगावर आहे तिचें आणि 'ही गांठ दाखविलीच पाहिजे' हें ज्यास ठाऊक आहे त्याचें अंतर, तें तसेंच राहिलें. वास्तविक तें चार हातांचेंहि नव्हतें. तरी तें ओलांडावयास नऊ महिने लागले.

हें अंतर ओलांडतां येतें, आणि तेंहि फारशी यंत्रसामग्री नसतां, याचा पुरावा आमच्या गांवापासून फार दूर नाहीं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांत १९८७ सालीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागांतील ती देशांतली पहिली. शहरांत अशी नोंद रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून करतां येते. खेड्यांत रुग्णालयच नाहीं, तेव्हां कागद कोठून येणार? म्हणून नोंद करणारे कार्यकर्ते गांवोगांव फिरूं लागले. पाटलाकडे, शिक्षकाकडे, सुइणीकडे जाऊन विचारूं लागले, आणि विचारतां विचारतां कोणतीं लक्षणें धोक्याचीं तें सांगूं लागले. त्यांचा हेतु मोजण्याचा होता. परंतु कांहीं वर्षांनीं असें दिसून आलें कीं, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानें आजारी झालेल्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारास येऊं लागल्या आहेत. विचारपूस हाच तेथें अर्धा उपाय ठरला.

पुढें धाराशिव जिल्ह्यांत, ज्याचें तेव्हांचें नांव उस्मानाबाद, १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर याच रोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ज्या गांवांत विषाणूची परीक्षा एकदांच केली, तेथें या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईच्या गरीब वस्त्यांत १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षें मागोवा घेण्यांत आला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं हातानें स्तनांची तपासणी करीत. २०२१ सालीं त्याचा निष्कर्ष बाहेर आला: तपासलेल्या स्त्रियांत गांठी लवकर सांपडल्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं घटले, पन्नाशीच्या आंतल्या स्त्रियांत मात्र तसा फरक दिसला नाहीं. तेथें यंत्र नव्हतें; शिकलेला हात होता. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठीं ज्या स्त्रिया न तपासतां ठेविल्या गेल्या त्यांच्याविषयीं पुढें बराच वाद झाला, आणि तो वाद अनाठायीं होता असें आम्हांस वाटत नाहीं. जें ज्ञान आज आपल्या हातीं आहे त्याची किंमत गरीब बायांनीं दिली आहे. निदान तें ज्ञान त्यांच्या लेकीसुनांच्या उपयोगीं पडावें, एवढें त्यांचें देणें आपणांवर आहे.

तें देणें आपण कितपत फेडलें? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांस विचारलें गेलें. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आयुष्यांत एकदां तरी झालेल्या स्त्रिया शेंकडा १.९ निघाल्या, स्तनांची तपासणी झालेल्या शेंकडा ०.९. म्हणजे शंभर स्त्रियांत नव्याण्णव जणींस हा प्रश्न कोणीं हात लावून विचारलेलाच नाहीं. सरकारी कार्यक्रमांत तीस वर्षांवरील प्रत्येकाचें तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयाचें मुख तपासावें, असें लिहिलेलें आहे. गांवची आशा घरोघर जाऊन प्रश्नांचा तक्ता भरते, हेंहि खरें. पण त्या आशेच्या पिशवींत आधींच किती वह्या असतात, आणि प्रत्येक तक्त्यामागें तिच्या हातावर किती पैसे पडतात, हें एकदां कोणीं जवळ बसून तिला विचारावें.

जेथें विचारणारें माणूस पोहोंचत नाहीं तेथें भीति पोहोंचते, आणि भीतीचा व्यापार करणारेहि पोहोंचतात. २०१९ सालीं आमच्याच जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या बायांची गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचली. अंगावरून जाणें, पोट दुखणें एवढ्या कारणावरून ऐन तिशीपस्तिशींतल्या बायांचीं गर्भाशयें काढलीं गेलीं. 'न काढल्यास कर्करोग होईल' अशी भीति घालण्यांत आली, अशा तक्रारी पुढें आल्या, आणि राज्य सरकारास चौकशी-समिति नेमावी लागली. ज्या जिल्ह्यांत खऱ्या कर्करोगाची वेळेवर तपासणी होत नाहीं, त्याच जिल्ह्यांत न झालेल्या कर्करोगाच्या नांवानें शस्त्रें चालावीं, यापरती विपरीत गोष्ट कोणती?

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, न्याय्य धोरणाची कसोटी रुग्णालयाच्या खाटांवरून ठरवूं नये. ती दिवसांवरून ठरवावी. पहिल्या संशयापासून पहिल्या औषधापर्यंत किती दिवस गेले, तें प्रत्येक जिल्ह्यानें मोजावें आणि दरवर्षीं छापून प्रसिद्ध करावें. सरासरी काढूं नये. सरासरींत वहिनींचे वीस दिवस मावशींचे नऊ महिने झांकून टाकतात. ज्या बाईस सर्वांत अधिक दिवस लागले तिची वाट कोठें अडली, तें पाहावें.

एवढें मोजूं लागलें कीं पुढचें आपोआप सुचतें. तुकड्याची परीक्षा ही उपचाराचाच भाग मानावी लागेल, आणि तिचा, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च योजनेंत धरावा लागेल. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णांस भाड्यांत सवलत देते, ती चांगली आहे. पण आमच्या गांवापर्यंत रेल्वे येत नाहीं. तपासणीस निघणाऱ्या आशेस पुरता मोबदला द्यावा लागेल; आणि तिनें शोधलेल्या बाईस पुढें कोठें न्यावयाचें, कोणत्या वारीं, कोणाच्या हवालीं करावयाचें, हें आधीं ठरवावें लागेल; कारण गांठ शोधून तिला वाऱ्यावर सोडणें हें न शोधण्यापेक्षांहि क्रूर. तपासणीचें पंचांगहि बदलावें लागेल. बीडच्या बाईचें आरोग्यशिबिर पौषांत बीडला भरवून काय उपयोग? त्या वेळीं ती दुसऱ्याच जिल्ह्यांत उसाच्या फडांत असते. तिला भाद्रपदांत गांवीं गांठावें, नाहींतर हंगामांत कारखान्याच्या तळावर. शिरेंतून देण्याचीं औषधें जिल्ह्याच्या रुग्णालयांत दिवसापुरतें येऊन घेतां यावीं, यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत केंद्रें काढण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत झाली. ती पुरी झाली तर एका बाईच्या कितीतरी एस. टी. च्या खेपा वांचतील.

आमचे एक स्नेही हें ऐकून म्हणाले, "देश गरीब, एवढा पैसा आणावा कोठून?" प्रश्न रास्त आहे. पण लवकर सांपडलेल्या गांठीस थोडे उपचार पुरतात आणि मनुष्य कामाला लागतें. उशिरां सांपडलेलीस पुष्कळ उपचार लागतात आणि मनुष्यहि जातें. खर्च दोन्हीकडे आहेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जें बरें होणार नाहीं त्याचें काय? मावशींच्या शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही एकदां गांवीं गेलों होतों. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. ज्या बाईनें 'दुखत न्हाई' म्हणून इतके दिवस काढले, तिला आतां दुसरें कांहीं उरलें नव्हतें. मॉर्फीनच्या गोळ्या फार महाग नसतात. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें ते औषध परवान्यांच्या इतक्या कुलुपांत ठेविलें कीं पुष्कळ ठिकाणीं तें ठेवण्यासच कोणी धजेना. २०१४ सालीं कायदा सुधारून तीं कुलुपें सैल केलीं, पण आमच्या तालुक्याच्या गांवीं चार वर्षांनंतरहि तें औषध मिळालें नाहीं. केरळांत मात्र १९९३ पासून कोळिकोड येथें कांहीं डॉक्टरांनीं आणि गांवकऱ्यांनीं मिळून वेदना-शमनाचें काम उभें केलें, घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा केली, आणि २००८ सालीं त्या राज्यानें तें आपलें धोरण म्हणून स्वीकारलें. मरण सर्वांस आहे. पण मरतांना कण्हणें हें गरिबाच्याच वांट्यास यावें, असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं.

मावशी गेल्यावर पुष्कळ महिन्यांनीं आम्हीं वहिनींस त्या दिवाळीची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "भावोजी, माझं नांव सांगायचं होतंत. माझं काय जाणार होतं?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. भाचीचें लग्न पुढें यथास्थित झालें. मुलाकडच्यांस वहिनींनींच सर्व सांगितलें होतें, आणि त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें.

२०२४ च्या दिवाळीस वहिनी आमच्याबरोबर गांवीं आल्या. दुपारीं ओसरीवर आळींतल्या दहाबारा बाया जमल्या होत्या. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें, तेव्हां आम्ही उठून पडवींत गेलों. आंतून त्यांचा आवाज येत होता. आपल्याला गांठ कशी लागली, काय काय केलें, केस कसे गेले, तें त्या भाजी निवडतांना बोलावें तशा बोलत होत्या. मधून हसण्याचाहि आवाज आला. मग कांहीं वेळ शांतता झाली, आणि मावशींच्या सुनेचा आवाज आला, "मला बी हाय एक. पन दुखत न्हाई."

दुसऱ्या दिवशीं पहिल्या एस. टी. नें सौभाग्यवती तिला घेऊन निघाल्या. सरकारी रुग्णालयांत दोन खेपा झाल्या, कण काढून तपासला गेला, आणि नवव्या दिवशीं कागद हातीं आला. गांठ साधी होती. त्या वर्षीं तो कोयता चार दिवस उशिरां कारखान्यावर गेला, आणि मुकादमानें त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली.